रुळांपलीकडचं टेबल

आमच्या सान रोके वस्तीत मत कसं येतं आणि कसं जातं, ते मला विचारा. माझं दुकान माझ्या घराच्याच पुढच्या खिडकीत आहे. तेल, नूडल्स, साबण, येर्बाचा पाला असलं काहीबाही मी आतून देते, आणि बाहेरून लोक पैसे आणि बातम्या देतात. पैसे कमी, बातम्या जास्त. ब्युनोस आयर्स शहर जिथे संपतं असं शहरवाले म्हणतात, त्याच्याही पुढे आम्ही. निम्मी वस्ती आम्हा पाराग्वेवाल्यांची, बाकी बोलिव्हियाचे आणि थोडे इथलेच. इथलेच म्हणजे ज्यांचे आजोबा इटलीहून बोटीने आले ते.

नागरिक नसलं तरी आम्हांला इथे नगरपालिकेसाठी मत आहे. राष्ट्राध्यक्षासाठी नाही. मताची चिठ्ठी म्हणजे एक लांबलचक पट्टी असायची. एका टोकाला राष्ट्राध्यक्षाचा हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला नगरसेवकांची बारीक अक्षरातली नावं. आम्हांला चेहरा कापून उरलेलं द्यायचे. हत्ती इथल्यांचा, शेपूट आमचं. आणि त्या शेपटासाठी मतदानाचं टेबलही वेगळं, परदेशी लोकांचं. आमची मुलं, नातवंडं इथे जन्मलेली, ती कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन पाच मिनिटांत मत देऊन येतात. आम्ही मात्र रुळांपलीकडच्या शाळेत जायचं. का, ते कुणाला ठाऊक नाही. मी विचारायचं केव्हाच सोडलं.

एवढी वर्षं मी मिर्ताच्या गाडीतून गेले. मिर्ता ही पक्षाची बाई. वस्तीतलं लहान मुलांचं जेवणघर तीच चालवते, कुणाचं छप्पर उडालं तर पत्रे तीच आणते, आणि मतदानाच्या रविवारी पांढरी गाडी घेऊन दारोदार फिरते. गाडीत बसलं की आपलं मत तिच्या पक्षाला गेलं असं ती धरते. धरू दे. चिठ्ठ्यांच्या खोलीत माझ्याबरोबर कोण असतं?

दोन्या फिदेलिना ब्रितेस मात्र कधीच त्या गाडीत बसल्या नाहीत.

त्या माझ्या शेजारच्या. पाराग्वेतल्या काआसापाकडच्या, माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना मानाने दोन्याच म्हणते, म्हणजे बाईसाहेब. तरुणपणी इथे आल्या त्या राजधानीतल्या लोकांच्या फरशा पुसायला. उभ्याने नाही, गुडघ्यांवर बसून. तेव्हाच्या मालकिणींना तसंच आवडायचं. पहाटेची बस, मग आगगाडी, मग पुन्हा बस, आणि संध्याकाळी तेच उलटं. नवरा गवंडी होता. एका उन्हाळ्यात पाराग्वेला आईला बघायला गेला तो तिकडेच रमला. दोन मुलगे आणि एक मुलगी बाईंनी एकटीने वाढवली. आता मुलगी कामाला जाते आणि नात आयेलेन त्यांच्याकडेच असते. आयेलेन नर्सिंग शिकते आणि आजीला येताजाता रागावते. गुडघे गेलेत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बाई म्हणतात, गेले कुठे, इथेच आहेत आणि रात्रंदिवस बोलतात.

मतदानाला त्या पायी जायच्या. इस्त्रीचा झगा, पायांत चर्चचे बूट, हातात ओळखपत्र. गाडी आली की हात हलवून नको म्हणायच्या. मिर्ताला आधी राग यायचा, मग तिने नाद सोडला. एकदा मी विचारलं, एवढं काय अडलंय? तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी तिकडे एकाच माणसाचं राज्य होतं. मतदानाच्या दिवशी पक्षाचा ट्रक गावात यायचा. गळ्यात लाल रुमाल बांधायचा, ट्रकमध्ये चढायचं, मत देऊन झालं की भाजलेलं मांस आणि उसाची दारू. त्यांचे वडील रुमाल बांधायचे, पण ट्रकमध्ये चढायचे नाहीत. ट्रकमागून धूळ खात चालत जायचे. सगळा गाव हसायचा. अहो, मत तर त्याच पक्षाला द्यायचं, दुसरी चिठ्ठीच नव्हती! मग चालून काय मिळवलं?

“मीही त्यांना हेच विचारलं होतं,” बाई म्हणाल्या. “ते म्हणाले, चिठ्ठी त्यांचीच होती, पाय तेवढे माझे होते.”

मला तेव्हा तो वेडेपणा वाटला. अजूनही थोडा वाटतोच.

तर गेल्या खेपेची गोष्ट. सल्गेरो नावाचा एक जण नगरसेवकासाठी उभा होता आणि त्याचा एकच धोशा होता: परदेशी लोकांची मतदारयादी बंद करा. गल्लीचा कारभार ठरवायचा तर आधी देशाचे व्हा. यांना गाड्या भरभरून आणतात, नूडल्सचं पाकीट हातावर ठेवलं की यांची चिठ्ठी पेटीत पडते. माझ्या दुकानातल्या टीव्हीवर तो रोज दिसायचा. खिडकीबाहेरच्या बाकावर म्हातारा अमादेओ बसलेला असायचा, तो मान डोलवायचा. अमादेओ माणूस वाईट नाही, पण त्याला पेन्शन कमी आणि वेळ जास्त. तो म्हणायचा, बाई, तुम्हांला नाही म्हणत मी, तुम्ही कामाची माणसं, मी त्या बाकीच्यांना म्हणतो. बाकीचे म्हणजे कोण ते त्याने कधी सांगितलं नाही. त्याचा आजोबा इटलीतल्या कॅलाब्रियाहून आला आणि मरेपर्यंत नागरिक झाला नव्हता, हे त्यानेच मला सांगितलं होतं. मी आठवण करून दिली तर म्हणाला, ते दिवस वेगळे होते. दिवस नेहमी वेगळेच असतात, आजोबा आपला असला की.

दोन्या फिदेलिना हे सगळं ऐकून घ्यायच्या. नागरिक व्हायला त्या गेल्याही होत्या एकदा. कोर्टातल्या माणसाने तिकडचा जन्मदाखला मागितला. तो आणायला काआसापाला जायचं, तर आठवड्याचं काम बुडवायचं, आणि काम बुडवलं की मालकीण दुसरी बाई ठेवायची. राहिलं ते राहिलंच. “आणि मला कुठे राष्ट्राध्यक्ष निवडायचाय?” त्या म्हणायच्या. “मला पुलाला उतार हवाय.”

हा उतार म्हणजे त्यांचा ध्यास. रुळांवर पूर्वी साधं फाटक होतं, गाडी गेली की आपण चालत पलीकडे. नगरपालिकेने ते बंद करून मोटारींसाठी रुळांखालून रस्ता काढला आणि पायी जाणाऱ्यांसाठी वर लोखंडी पूल टाकला. पायऱ्या इतक्या उभ्या की तरुण पोरंही वर जाऊन दम खातात. बाजूने उतार करून द्या, म्हणून बाई नगरपालिकेत किती खेपा घालून आल्या. दवाखाना पलीकडे, चर्च पलीकडे, आमचं मतदानही पलीकडे. दर निवडणुकीला कुणीतरी उतार करून देतो म्हणायचं, आणि बाई त्याला मत द्यायच्या. उतार काही झाला नाही. पण मी निदान मागितला, असं त्या म्हणायच्या, आणि मागणारीला मत असलं की ऐकून तरी घेतात. ते मत गेलं की नगरपालिकेच्या खिडकीवरचा माणूस मान वर करून बघणारही नाही, याची त्यांना धास्ती होती. सल्गेरोचा चेहरा टीव्हीवर आला की त्या गुडघ्यावर हात ठेवायच्या. आता तुम्हीच सांगा, यात देशद्रोह कुठे आला?

मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्यांचा उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. आयेलेन म्हणाली, आजी, तू जायचं नाहीस. रविवारी सकाळी मिर्ताची गाडी आली तेव्हा बाई झगा घालून, काठी घेऊन दारात तयार. मी गाडीतूनच म्हटलं:

“दोन्या, बसा आत. गाडीत पाय ठेवला म्हणून मत बाटत नाही.”

“तुझं नसेल बाटत, ब्लासिदा. माझं बाटतं.”

आणि निघाल्या. आम्ही वस्तीभर फिरून, माणसं गोळा करून, आणखी एका आजोबांना खुर्चीसकट उचलून आत घेऊन पुलाजवळ आलो, तर त्या पुलाच्या पहिल्याच पायरीवर बसलेल्या. काठी मांडीवर आडवी. चेहरा राखेसारखा. चढायचा प्रयत्न करून झालेला होता, ते दिसतच होतं. रुळ ओलांडायला जुनं फाटक अजून शिल्लक आहे ते पुढच्या स्टेशनाजवळ, आणि तिथवर त्या पायाने जायचं म्हणजे दुपार.

मिर्ता खाली उतरली. ती ओरडली नाही की हसली नाही. ती पण पहाटेपासून उभीच होती. म्हणाली, “मी फक्त रुळांपलीकडे नेते. पलीकडे उतरवते, तिथून चाला तुम्ही आपल्या पायांनी.”

बाईंनी बराच वेळ पुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नुसती सरकून जागा केली. त्या बसल्या, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि म्हणाल्या, “पलीकडे लगेच.” मिर्ता म्हणाली, लगेच.

आता रुळांखालच्या त्या रस्त्यात गाडी थांबवता येत नाही. वर आलो तर मागे मोटारींची रांग, भोंगे, आणि पोलीस हाताने पुढे पुढे करत होता. बाई म्हणत होत्या, इथे, इथे थांबव. मिर्ताचा मेव्हणा गाडी चालवत होता. तो म्हणाला, आजी, कुठे थांबवू, या पोलिसाच्या डोक्यावर? पुढच्या वळणावर शाळेचाच रस्ता लागला, दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. गाडी थांबली ती थेट शाळेच्या फाटकासमोर.

फाटकाशी टीव्हीवाले उभे होते. तेही नेमके आमच्याच टेबलाच्या शाळेबाहेर. कोपऱ्यावरच्या शाळेशी कुणी नव्हतं. दार उघडलं आणि पहिल्या उतरल्या त्या दोन्या फिदेलिना, कारण त्या दाराशी होत्या. मिर्ताने त्यांना दंडाला धरून उतरवलं. हातात माइक धरलेली एक मुलगी पुढे आली. आवाज गोड, आयेलेनच्याच वयाची असेल.

“आजी, तुम्ही अर्जेंटिनाच्या नागरिक आहात?”

“नाही, बाळा.”

“मग तुम्हांला इथे कुणी आणलं?”

बाईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, “मिर्तानं.”

त्या आणखीही काही सांगत होत्या, पुलाचं, उताराचं. मी ऐकलं. पण माइक तोवर खुर्चीवाल्या आजोबांकडे गेला होता.

मी आत जाऊन रांगेत उभी राहिले. पुढे एक स्पेनमधल्या गॅलिसियाचा म्हातारा, मागे बोलिव्हियाच्या दोघी बहिणी, एक पोराला पाजत. माझी पाळी आली, मी मत दिलं, बाहेर आले. बाई दिसल्या नाहीत. वाटलं, आधी आटपून कुठेतरी टेकल्या असतील. गाडीत बाकीचे आले, त्या आल्या नाहीत. मिर्ता म्हणाली, त्या कसल्या गाडीत येतायत परत, आणि आम्ही निघालो.

त्या परतल्या संध्याकाळी, स्टेशनाजवळच्या फाटकावरून वळसा घालून, भिंती धरत धरत. तोवर माझ्या टीव्हीवर त्यांचा चेहरा तीनदा येऊन गेला होता. आधी गाडीचं दार, मग मिर्ताचा हात, मग “नाही, बाळा” आणि “मिर्तानं”. पुलाचा शब्द नव्हता. खाली मोठ्या अक्षरांत: गाडीतून आणलेली मतं. नंतर सल्गेरो, त्याच्या मागे फुगे. म्हणत होता, यांना मी दोष देत नाही, बिचाऱ्या म्हाताऱ्या, यांचा वापर होतो. तो निवडून आला होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जन्मभर गाडीत बसणारे आम्ही सगळे घरी आरामात गार पाण्यातला येर्बा, तेरेरे, पीत होतो, आणि जी बाई त्या दिवसापर्यंत एकदाही बसली नव्हती तिचं तोंड देशभर. म्हाताऱ्या अमादेओने बाकावरून उठून खिडकीतून हात घातला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. काही बोलला असता तर मी त्याला त्या दिवशी येर्बा दिला नसता.

पुढचे दिवस बाईंनी कसे काढले ते मी बघितलं. ब्रेडच्या दुकानात एक जण म्हणाला, काय दोन्या, काय भाव मिळाला? गमतीतच म्हणाला तो. काआसापाहून भाचीचा फोन आला, मावशी, तू टीव्हीवर होतीस. मुलगा वैतागला. आयेलेन रडली आणि टीव्हीवाल्यांना लांबलचक संदेश पाठवून बसली. उत्तर आलं नाही. बाई मात्र त्याबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. अंगणात खुर्ची टाकून, सूज उतरावी म्हणून गुडघ्यावर कोबीचं पान बांधून बसायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, खरं सांगते.

मग एका दुपारी मिर्ता आली. हातात पिशवी, तेल, साखर, नूडल्स, टोमॅटोचे डबे. मतदानानंतर ती सगळ्यांना देते तशी. बाईंच्या दारी कधी तिने पिशवी आणली नव्हती. मी खिडकी सोडून त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले, म्हटलं भांडण झालं तर मध्ये पडावं. पण भांडायची ताकद कुणातच नव्हती. मिर्ताच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पक्षवाल्यांनी मतं कमी पडली म्हणून तिलाच फैलावर घेतलेलं. तिने पिशवी पायरीवर ठेवली.

“घ्या, दोन्या. तुम्ही घेतलीत असं सगळ्या देशाने धरलंच आहे. आता निदान खा तरी.”

“मी मत दिलं नाही, मिर्ता.”

मिर्ताला कळलं नाही. मलाही नाही. बाई सावकाश, एकाच सुरात सांगत गेल्या, बाजारहाट सांगावा तसं.

“त्या पोरीनं विचारलं, कुणी आणलं. मी खरं तेच सांगितलं. मग ओळखपत्र हातात धरून शाळेच्या फाटकात उभी राहिले. आत गेले असते तर ते मत तुझं झालं असतं. मला तुझा राग नाही, तू मला उचललंस. पण ते माझं नसतं झालं. म्हणून मागे फिरले.”

“अहो, मी तर तुमचं मत वरती पक्षाला मोजून दिलंय,” मिर्ता म्हणाली.

टीव्हीने ते मत मोजलं, सल्गेरोने मोजलं, मिर्ताने मोजलं. तेवढं पेटीतच नव्हतं. मला हसूच येत होतं. मिर्ता तिथेच पायरीवर बसली, पिशवीशेजारी. शेवटी ती उठली, म्हणाली, मला अजून बरीच दारं फिरायची आहेत, आणि पिशवी तिथेच टाकून गेली. बाईंनी पिशवीला हात लावला नाही. मीच ती उचलून घरी नेली. मी कुठे काही नेम धरलाय?

सल्गेरोचा तो ठराव आता म्हणे वरच्या सभागृहात गेलाय. होईल, होणार नाही, माझ्या खिडकीशी दोन्ही बाजूंचे लोक खात्रीने सांगतात. पुलाला उतार अजून नाही. परवा बाई येर्बा घ्यायला आल्या, खिडकीच्या कडेला धरून उभ्या राहिल्या आणि सहज म्हणाल्या की पुढच्या निवडणुकीला त्या शनिवारीच निघणार आहेत. स्टेशनाजवळच्या फाटकावरून. वाटेत चर्चच्या ओसरीवर झोपू देतील, पाद्र्याशी बोलून ठेवलंय.

मी दमलेली होते, माझ्या तोंडून गेलंच. “दोन्या, आणि पुढच्या वेळी आपलं टेबलच नसलं तर?”

“तरी जाईन,” त्या म्हणाल्या. “त्यांना नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणू देत.”